मिरपूर, सिल्हेट, ब्रॅडफर्ड: ब्रिटनमधल्या मुस्लिमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनला किंवा लेस्टरला कोणी नातेवाईक पोचला की आठवड्याभरात फोन येतो, ‘अरे, इथे आपल्यापेक्षा त्यांचीच गर्दी जास्त!’ मग ‘ते’ कोण, कुठून आले, गोऱ्यांच्या देशात जाऊन धर्म का सोडत नाहीत, असे प्रश्न फॅमिली ग्रुपवर सुरू होतात आणि उत्तरं कुठल्या तरी फॉरवर्डमधून येतात. नेहमी येणारे प्रश्न म्हणून एकदा लिहून काढतोय. सगळी पाश्चात्त्य दुनिया एका दमात उरकत नाही, तेव्हा मुक्काम ब्रिटनमध्ये. फ्रान्स-जर्मनीत नुसतं डोकावू.

ब्रिटनमध्ये मुस्लिम किती? आणि सगळे पाकिस्तानीच का?

२०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ३९ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ६.५ टक्के. वीस वर्षांपूर्वी हा आकडा १५ लाखांच्या आसपास होता. यांतले निम्म्याहून थोडे जास्त ब्रिटनमध्येच जन्मले आहेत. त्यांना ‘स्थलांतरित’ म्हणणं म्हणजे पुण्यात वाढलेल्या तिसऱ्या पिढीला ‘मूळचे कुठले?’ विचारण्यासारखं आहे. (आपण विचारतोच, ती गोष्ट वेगळी.)

पाकिस्तानी मुळाचे लोक साधारण ३८ टक्के, बांगलादेशी १५-१६ टक्के. बाकीच्यांत गुजराती, सोमाली, अरब, तुर्क, नायजेरियन आणि धर्म बदललेले गोरेही आले. पण ‘पाकिस्तानी’ हा शब्दही फसवा आहे. त्यांतला फार मोठा हिस्सा पाकव्याप्त काश्मीरमधल्या मिरपूर या एका भागातून गेलेला आहे. तसंच बांगलादेशी म्हणजे बहुतांशी ईशान्य बांगलादेशातल्या सिल्हेटचे. एखाद्या देशात ‘इंडियन’ म्हणून ओळखले जाणारे बहुतेक जण खेड आणि चिपळूण या दोन तालुक्यांतलेच निघावेत, तसा हा प्रकार आहे.

काश्मीरच्या डोंगरातला शेतकरी थेट इंग्लंडच्या गिरणीत कसा पोचला?

बोटीतून. मिरपूरला समुद्र नाही, पण झेलम आहे. नदीवरच्या मालवाहतुकीवर जगणारी तिथली घरं रेल्वे आल्यावर बेकार झाली. त्यांतले पुरुष मुंबई-कराचीच्या बंदरांत उतरले आणि इंग्रजी आगबोटींच्या बॉयलरवर कोळसा टाकायच्या कामाला लागले. त्यांना ‘आगवाला’ म्हणत. कलकत्त्याच्या बोटींवर हेच काम सिल्हेटी करत. काही जण ब्रिटिश बंदरांत बोट सोडून तिथेच राहिले. नंतर गावाकडून जे गेले, त्यांना पहिला पत्ता यांचाच मिळाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला माणसं कमी पडू लागली. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने राष्ट्रकुलातल्या कुणालाही तिथे जाऊन राहता येत होतं. उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरण्यांना रात्रपाळी चालवायची होती आणि गोरे कामगार रात्री यायला तयार नव्हते. ती पाळी मिरपुरींनी उचलली. एका घरात डझनभर पुरुष, रात्रपाळीचा परतला की दिवसपाळीचा गादीवरून उठून जायचा. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी गावकीच्या खोल्यांत जे आयुष्य काढलं, त्याचीच ही थंडीतली आवृत्ती. त्यात बाईमाणूस नाही, मुलं नाहीत, मशीदही नाही. बहुतेकांना तिची घाई नव्हती, कारण पाच वर्षांत परत जायचं होतं.

मग मंगला धरण आलं. १९६१ ते १९६७ या काळात झेलमवर बांधलेल्या या धरणाने जुनं मिरपूर शहर आणि शेकडो गावं बुडवली. लाखावर माणसं उठली. नुकसानभरपाईचे पैसे आणि ब्रिटनचे कामाचे परवाने घेऊन त्यांतले बरेच जण आधीच गेलेल्या नातेवाइकांकडे पोचले. अजूनही पाणी ओसरलं की जुन्या मिरपुरातली प्रार्थनास्थळं वर येतात. उजनीच्या पाण्यातलं पळसदेवचं देऊळ पाहिलेल्यांना ते दृश्य वेगळं सांगायला नको.

यात आपले कोकणातले कोणी होते का?

होते, डेकवर. इंग्रज कंपन्यांच्या मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकचे खलाशी म्हणून रत्नागिरी भागातल्या कोकणी मुसलमानांना मोठी मागणी असे. ‘सारंग’ आणि ‘तांडेल’ हे हुद्दे कोकणच्या घराघरांत आडनावांइतके ओळखीचे झाले ते यातूनच. खाली बॉयलरशी मिरपुरी-पठाण-पंजाबी, वर दोरखंडाशी कोकणी, अशी वाटणी होती. ब्रिटनमध्ये मात्र मिरपुरींसारखी कोकणींची शहरंच्या शहरं झाली नाहीत. दक्षिण आफ्रिकेत, विशेषतः केप टाउनमध्ये, त्यांची जुनी वस्ती आहे.

परत यायचं होतं, तर राहिले का?

कायद्यामुळे. तोही त्यांना थांबवण्यासाठी केलेल्या!

१९६२ पर्यंत मिरपुरी माणूस तीन-चार वर्षं काम करायचा, गावी यायचा आणि आपल्या जागी धाकट्या भावाला किंवा पुतण्याला पाठवायचा. बायको-मुलं गावीच. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने ही ये-जा बंद होणार, कामाचं व्हाउचर असल्याशिवाय नव्या माणसाला प्रवेश नाही, हे कळल्यावर कायदा लागू होण्याआधीच लोकांची रीघ लागली. जे आधीच तिथे होते ते घाबरले: आता गावी गेलो तर परत घेतील का? त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतलं, कारण कुटुंबाला यायची मुभा शिल्लक होती. फिरते मजूर रोखायला निघालेल्या सरकारने स्थायिक कुटुंबं तयार केली.

बायका-मुलं आली आणि सगळंच बदललं. आधी जे चालून जायचं ते चालेना. मुलीला शाळेत पोहायला पाठवायचं का, हलाल मटण कुठे मिळेल, पोराला कुराण कोण शिकवेल? मशिदी खऱ्या अर्थाने उभ्या राहिल्या त्या यानंतर. माझ्या मते धर्म ठळक होण्याचं मूळ इथे आहे. एकट्या कामगाराला धर्म नसला तरी चालतो, बापाला चालत नाही.

परतीचं स्वप्न मात्र सुटलं नाही. मिरपुरात पौंडांवर बांधलेले दोन-दोन मजली बंगले कुलूप लावून उभे आहेत. चाकरमान्यांची गणपतीपुरती उघडणारी घरं आठवा. पहिल्या पिढीची मय्यतही विमानाने गावी जायची, त्यासाठी वर्गणीचे फंड असत. आता नातवंडं ब्रॅडफर्डमध्ये आहेत म्हणून कबरीही ब्रॅडफर्डमध्येच हव्यात, असं म्हणणारे वाढलेत.

मग ते स्वतःला पहिल्यापासून ‘मुस्लिम’च म्हणत होते ना?

नाही. बाहेरून आलेली ओळख आधी शिवीच होती: ‘पाकी’. ती शीख, गुजराती, तमिळ, मराठी, सगळ्यांना सारखीच पडायची. मारणारा धर्म विचारून मारत नसे.

४ मे १९७८ ला पूर्व लंडनमध्ये कामावरून घरी जाणाऱ्या अल्ताब अली या तरुण बंगाली शिलाई कामगाराचा वर्णद्वेषातून खून झाला. दहा दिवसांनी सुमारे ७,००० लोक त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या निवासापर्यंत चालत गेले. ब्रॅडफर्डमध्ये त्याच सुमारास ‘एशियन यूथ मूव्हमेंट’ उभी राहिली. त्या पोरांची ओळख ‘एशियन’ होती, राजकीय अर्थाने ‘ब्लॅक’ही होती. त्यात शीख, हिंदू, मुस्लिम सगळे. १९८१ मध्ये पेट्रोल बॉम्ब बनवल्याबद्दल बारा जणांना पकडलं. वर्णद्वेषी टोळ्या येणार म्हणून स्वसंरक्षणासाठी बनवले, असं त्यांनी कोर्टात कबूल केलं आणि १९८२ मध्ये ते निर्दोष सुटले. तेव्हाच्या घोषणांत धर्म शोधून सापडत नाही.

ही ‘एशियन’ ओळख फुटली कशी? त्यातला एक धागा भारतात फारसा कुणी सांगत नाही. १९७६ चा वंशभेदविरोधी कायदा वंशावर होता, धर्मावर नव्हता. बर्मिंगहॅमच्या एका शाळेने पगडी घालणाऱ्या शीख मुलाला प्रवेश नाकारला. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) गेलं आणि १९८३ मध्ये निकाल लागला की शीख हा वांशिक गट आहे, त्यांना संरक्षण आहे. ज्यूंनाही होतं. मुस्लिम मात्र अनेक वंशांचे, म्हणून त्यांना नाही. मिरपुरी माणसाला ‘पाकिस्तानी’ म्हणून नोकरी नाकारली तर बेकायदा, ‘मुसलमान’ म्हणून नाकारली तर काही नाही! ही फट नोकरीपुरती २००३ मध्ये बुजवली गेली आणि पूर्ण चौकट २०१० च्या समानता कायद्यात आली. मधली वीस वर्षं ‘आम्हाला मुस्लिम म्हणून मोजा’ ही मागणी वाढत गेली. जनगणनेत धर्माचा प्रश्न आला तो २००१ मध्ये, तोही ऐच्छिक.

दुसरं कारण खर्चाचं. नगरपालिका अनुदान द्यायच्या ते समाजाच्या ‘प्रतिनिधीं’ना. शिखांचा हॉल, हिंदूंचा हॉल, मुस्लिमांची कौन्सिल. ज्या नावाने पैसे मिळतात त्या नावाची संस्था निघते, हे आपल्याकडच्या सहकाराच्या अनुभवातून कुणालाही पटेल.

१९८९ मध्ये नेमकं काय झालं?

१४ जानेवारी १९८९ ला ब्रॅडफर्डमध्ये सलमान रश्दींच्या ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ या कादंबरीची प्रत, तिच्यात पैगंबरांचा अपमान आहे म्हणून, जाहीरपणे जाळण्यात आली. महिन्याभराने, १४ फेब्रुवारीला, रश्दींना ठार मारा, असा इराणच्या खोमेनींचा फतवा आला. (भारताने पुस्तकाच्या आयातीवर बंदी त्याआधीच, ऑक्टोबर १९८८ मध्ये घातली होती.) ब्रॅडफर्डचे मुस्लिम सुन्नी, फतवा शियांचा, पण टीव्हीवर दोन्ही एकाच चौकटीत बसले.

निदर्शकांचा एक मुद्दा कायदेशीर होता. ब्रिटनमध्ये ईशनिंदेचा कायदा होता, पण तो फक्त ख्रिस्ती धर्मापुरता. तो आम्हालाही लावा, अशी मागणी झाली आणि ती कोर्टाने फेटाळली. शेवटी २००८ मध्ये इंग्लंड-वेल्समधून तो कायदाच गेला. मला हाच तोडगा बरोबर वाटतो. पण त्या दिवशी चौकात उभ्या असलेल्या गिरणी कामगाराला वाटलं की या देशात आपल्या देवाची किंमत कमी आहे, आणि कायद्याचं पुस्तक उघडलं तर तसंच लिहिलेलं होतं. त्या वर्षानंतर शाळेच्या मैदानावरचा ‘एशियन’ पोरगा ‘मुस्लिम’ झाला, त्याला नमाज येत असो वा नसो.

ते आपापल्या मोहल्ल्यातच का राहतात?

गिरणीजवळची चाळवजा घरं स्वस्त होती. चांगल्या वस्तीत कुणी घर दाखवत नसे, नगरपालिकेच्या घरांच्या यादीत नंबर लागत नसे. शेजारी भावकी होती. मिरपुरीत तिला ‘बिरादरी’ म्हणतात. कर्ज, लग्न, नगरसेवकाची मतं, सगळं तिच्यातून. गोरे शेजारी हळूहळू घरं विकून गेले. मग सत्तर-ऐंशीच्या दशकांत गिरण्या बंद पडल्या, काम गेलं आणि माणसं तिथेच उरली. २००१ च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्डमध्ये दंगली झाल्या. चौकशी अहवालाने लिहिलं की हे समाज ‘समांतर आयुष्यं’ जगताहेत. शब्द गाजला, गिरण्यांचा भाग मागे पडला.

मुंब्रा कसं वाढलं आणि १९९२-९३ नंतर तिथे कोण आणि का राहायला गेलं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ‘त्यांना वेगळं राहायला आवडतं’ हे वाक्य जरा जपून वापरावं.

तिथे शरिया कोर्टं चालतात, हे खरं?

‘शरिया कौन्सिल’ नावाच्या संस्था आहेत. त्यांना कायद्याचा कसलाही अधिकार नाही. त्यांच्याकडे जाणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त बायका असतात आणि त्यांना हवा असतो धार्मिक घटस्फोट, असं सरकारने नेमलेल्या समितीनेच २०१८ मध्ये सांगितलं.

गोम अशी आहे. भारतात निकाह हेच कायदेशीर लग्न. इंग्लंडमध्ये घरी किंवा हॉलमध्ये नुसता निकाह लावला आणि नोंदणी केली नाही, तर कायद्याच्या नजरेत लग्न झालेलंच नाही. पोटगी नाही, घरात वाटा नाही. २०२० मध्ये अपील कोर्टाने हे पुन्हा स्पष्ट केलं. नवरा स्वतः तलाक देऊन मोकळा होतो. बायकोला समाजात दुसरं लग्न करायचं तर कुणाचा तरी कागद लागतो, म्हणून ती कौन्सिलपुढे बसते. तिथे तिला ‘जरा सांभाळून घे’ असं ऐकवलं जातं, अशा तक्रारी बऱ्याच आहेत. निकाहबरोबर नोंदणी सक्तीची करा, ही समितीची शिफारस होती. साधी आणि योग्य.

आणि चुलत-मामे भावंडांत लग्नं?

होतात. ब्रॅडफर्डमध्ये २००७ पासून हजारो बाळांचा दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यात पाकिस्तानी मुळाच्या जोडप्यांपैकी ३७ टक्के सख्खी चुलत-मामे-आते भावंडं निघाली. अशा जोडप्यांत बाळाला जन्मजात व्यंग असण्याचा धोका साधारण ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर जातो. आता हे प्रमाण उतरतंय, मुलींचं शिक्षण हे त्याचं एक कारण.

यात इमिग्रेशनचाही हात आहे. पुतण्याला ब्रिटनला न्यायचे बाकी रस्ते बंद झाल्यावर लग्नाचाच उरला. बाकी मामाची मुलगी करायची प्रथा असलेल्या महाराष्ट्राने फार नाक मुरडू नये.

दहशतवादाबद्दल काहीच का लिहीत नाही?

लिहितो. ७ जुलै २००५ ला लंडनच्या मेट्रोत आणि एका बसमध्ये चार आत्मघाती हल्लेखोरांनी ५२ जणांना मारलं. मृतांत मुस्लिमही होते. चौघांपैकी तिघे यॉर्कशरमधल्या पाकिस्तानी मुळाच्या कुटुंबांतले, ब्रिटनमध्येच जन्मलेले. हाच खरा धक्का होता. त्यांना बापाचं पाकिस्तानही परकं होतं आणि इंग्लंडही. या दोन्हींत न बसणारा, कुठल्याच गावाचा नसलेला इस्लाम त्यांनी उचलला. आजोबांचा पिरांचा-दर्ग्याचा इस्लाम त्यांना अडाणी वाटायचा.

त्यानंतर ‘प्रिव्हेंट’ या सरकारी कार्यक्रमाचा पसारा वाढला. २०१५ पासून शाळा-दवाखान्यांवर, कुणी दहशतवादाकडे ओढलं जाऊ नये याची दक्षता घेण्याची कायदेशीर जबाबदारी आली. वर्गात पॅलेस्टाइनबद्दल बोलावं की नाही, याचा विचार मुलं करू लागली.

उलटी बाजूही आहे. जुलै २०२४ मध्ये साउथपोर्टला तीन लहान मुलींची हत्या झाली. मारेकरी मुस्लिम निर्वासित आहे, अशी थाप नेटवर पसरली. तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता. दुसऱ्या दिवशी जमावाने तिथल्या मशिदीवर हल्ला केला. त्याच्या दुसऱ्या दिवशी गावातले गवंडी विटा घेऊन आले आणि मशिदीची पडलेली भिंत त्यांनी बांधून दिली.

फ्रान्स-जर्मनीतही असंच आहे का?

नाही. फ्रान्समध्ये सरकार कुणाचा धर्म मोजतच नाही. २००४ पासून सरकारी शाळेत हिजाब, पगडी, मोठा क्रॉस चालत नाही, २०१० च्या कायद्याने चेहरा झाकायलाही बंदी. ब्रिटिश शाळा मात्र गणवेशाच्या रंगाचा हिजाब खपवून घेते. जर्मनीने १९६१ च्या करारानंतर तुर्की मजुरांना ‘पाहुणे कामगार’ म्हणून आणलं आणि जन्माने नागरिकत्व द्यायला २००० साल उजाडलं. तोपर्यंत बर्लिनमध्ये जन्मलेला मुलगाही पाहुणाच. मिरपुरी गिरणी कामगाराला पहिल्या दिवसापासून मत होतं. लंडनला बसचालकाचा मुलगा सादिक खान २०१६ मध्ये महापौर झाला, त्याची मुळं या फरकात आहेत.

लेस्टरमध्ये हिंदू-मुस्लिम भांडले, ते काय होतं?

२८ ऑगस्ट २०२२ च्या भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर सुरू झालेला तणाव सप्टेंबरच्या मध्यात रस्त्यावर आला. अफवांनी तेल ओतलं. गंमत अशी, की दोन्ही बाजूंना घरी गुजराती बोलणारे बरेच. लेस्टरचे जुने हिंदू आणि मुस्लिम शेजारी दशकानुदशकं एकत्र राहिलेले. त्यात नव्याने आलेले दमण-दीवचे लोक, पोर्तुगीज पासपोर्टवर, जसे गोव्याचे इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात गेले तसे. त्यांना ‘एशियन’ ही सत्तरीतली एकी माहीतच नव्हती. त्यांच्या फोनमध्ये भारतातल्या बातम्या होत्या.

आजची तरुण पिढी स्वतःला काय म्हणते?

जागा पाहून. पाकिस्तानला गेली की ‘ब्रिटिश’, क्रिकेटला बहुधा ‘पाकिस्तानी’, फुटबॉलला इंग्लंड, अर्जावर ‘मुस्लिम’, आजीशी पोठवारीत, म्हणजे मिरपूरकडच्या बोलीत, बोलताना काहीच नाही. यात लबाडी नाही, ठाण्याचा माणूस मुंबईबाहेर ‘मुंबईचा’ असतोच. एक फरक मात्र खराच पडलाय. आजोबांना धर्म वारशाने मिळाला होता. नातीने तो वाचून, निवडून घेतलाय. आईने कधी न बांधलेला हिजाब ती बांधते आणि ‘कुराणात कुठे लिहिलंय?’ असं विचारून मामाच्या मुलाशी लग्न नाकारते.

लंडनला जातोय. हे सगळं कुठे बघायला मिळेल?

ॲल्डगेट ईस्टला उतरा. स्टेशनजवळच अल्ताब अलीच्या नावाची बाग आहे, तिच्यात ढाक्याच्या शहीद मिनाराची, म्हणजे बंगाली भाषेसाठी प्राण दिलेल्यांच्या स्मारकाची, प्रतिकृती. पुढे ब्रिक लेन. फोर्निए स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची विटांची इमारत १७४३ मध्ये फ्रान्समधून पळून आलेल्या ह्यूगनॉट प्रोटेस्टंटांनी प्रार्थनेसाठी बांधली. १८१९ मध्ये ती मेथडिस्ट पंथाच्या ख्रिश्चनांची झाली, १८९८ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचं सिनेगॉग, १९७६ पासून सिल्हेटींची मशीद. भिंतीवर जुनं सूर्यघड्याळ दिसेल, पण ऊन असेल तरच उपयोगाचं, म्हणजे लंडनमध्ये क्वचित.

करी हाऊसवाले दारात उभे राहून आत बोलावतील. पाटीवर ‘इंडियन’ लिहिलं असलं तरी आत सिल्हेटी ऐकू येईल. भाव आधी ठरवून घ्या. रात्री उशीर झाला तर रस्त्याच्या वरच्या टोकाला ज्यूंच्या वस्तीपासूनची आठवण म्हणून उरलेलं बेगलचं (मधे भोक असलेल्या गोल पावाचं) दुकान आहे, ते रात्रभर उघडं असतं. रांग लांब दिसली तरी पटापट सरकते.